एका अखंड तासाची मागणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाचनसंस्कृती लयाला चालली आहे, पालकांच्याच हातात पुस्तक दिसत नाही तर मुलांच्या हातात ते कोठून येणार, अशा आशयाचे लेख आणि पत्रे आपल्या वृत्तपत्रात वेळोवेळी प्रसिद्ध होत असतात आणि त्यांमागची कळकळ मला मनापासून पटते. तरीही असे काही वाचून झाले की दर वेळी मनात एक गोष्ट सलत राहते. ती आपल्यापुढे सविस्तर मांडावी म्हणून हे पत्र लिहिते आहे. मला दोन मुले आहेत. थोरला साडेचार वर्षांचा आहे आणि धाकटी सव्वा वर्षाची. ज्या पालकांनी वाचणे सोडले असे म्हटले जाते, त्यांच्यात बाहेरून पाहणारा कोणीही माझी गणना करील, कारण गेल्या पाच वर्षांत मी पूर्ण वाचलेली पुस्तके दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. पण मी वाचणे सोडलेले नाही. मला वाचायचे आहे, रोज वाचायचे आहे, आणि ते न जमल्याची रुखरुख घेऊन मी रोज रात्री झोपते. वाचनाची गोडी नसणे आणि वाचनाला उसंत नसणे या दोन अगदी वेगळ्या अवस्था आहेत. त्यांना एकाच नावाने हाक मारली की दुसऱ्या अवस्थेतल्या माणसांना नेमके काय हवे आहे, हे कोणी विचारीतच नाही.

आमच्या घरात वाचन कसे होते ते आधी सांगते. धाकटी पाळण्यात ठेवताक्षणी जागी होते, म्हणून रात्री तिचा डोळा लागला तरी बराच वेळ मी तिला मांडीवरच ठेवते. उजवा हात तिच्या मानेखाली अडकलेला असतो आणि पुस्तक डाव्या हातात. दिवा मंद असल्यामुळे पान प्रकाशाकडे तिरपे धरावे लागते. पान उलटायचे झाले तर पुस्तक गुडघ्यावर टेकवून अंगठ्याने त्याची कड हळूहळू सरकवायची आणि कागदाचा आवाज झाला की तिच्या श्वासाकडे कान लावून थांबायचे. श्वास पूर्ववत झाला की मग पुढची ओळ. डिंकाने घट्ट चिकटवलेली आजची पुस्तके एका हाताने उघडी राहतच नाहीत. सोडली की मिटतात. शिवलेल्या बांधणीची जुनी पुस्तके मात्र मांडीवर पसरून शांत पडून राहतात. एखादे पुस्तक मांडीवर बाळ असलेल्या बाईला एका हाताने वाचता येईल का, याचा विचार प्रकाशकांनी कधी केला असेल असे मला वाटत नाही, परंतु तो करण्यासारखा आहे. मागच्या महिन्यात माझी खूण त्रेसष्टाव्या पानावर नऊ दिवस होती. त्या पानावरचा एक दीर्घ परिच्छेद मी त्या नऊ दिवसांत निदान सात वेळा सुरू केला. त्याचे पहिले वाक्य मला आता पाठ आहे, पण तो संपतो कसा हे दहाव्या दिवशी कळले.

हिशेब मांडला तर ही अवस्था विचित्र वाटते. अडीचशे पानांची एक कादंबरी घेऊ. पानाला अडीचशे शब्द धरले तर साडेबासष्ट हजार शब्द होतात. कथा-कादंबऱ्या सोडून इतर इंग्रजी गद्य मनात वाचणाऱ्या प्रौढांचा वेग सरासरी मिनिटाला सुमारे २३८ शब्द असतो, असे मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र पडताळून दाखवले. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, त्यामुळे आपला एकेक शब्द वजनदार असतो. म्हणून आपण मिनिटाला दीडशेच धरू. तरीही ती कादंबरी सात तासांत वाचून होते. रोज वीस मिनिटे मिळाली तरी तीन आठवड्यांत ती संपायला हवी. आणि दिवसाकाठी वीस मिनिटे मलाही मिळतात, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. फक्त ती चार इथे, तीन तिथे, दोन रात्री अकराला अशी मिळतात. त्यामुळे तीच कादंबरी मला चार महिने पुरते, आणि शेवटाला येईपर्यंत सुरुवातीची माणसे मी विसरलेली असते.

लहान मूल खूप झोपते, तेव्हा वाचावे, असा सल्ला ज्यांना मुले नाहीत किंवा ज्यांना ती लहान असतानाचे दिवस आता आठवत नाहीत, अशी मंडळी सद्भावनेने देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप मिळायला हवी. कागदावर हे आकडे आईबापांना श्रीमंत करून सोडतात. परंतु तान्ह्या बाळाच्या झोपेचे एक आवर्तन साधारण पन्नास ते साठ मिनिटांचे असते आणि प्रत्येक आवर्तनाच्या कडेला ते जागे होण्याची शक्यता असते. शिवाय दोन मुले असली की त्यांच्या झोपा एकमेकींशी जुळत नाहीत. धाकटी दुपारी झोपते तेव्हा थोरल्याला कोणीतरी खेळायला हवे असते, आणि तो थकून आडवा होतो तेव्हा ती टुणकन उठून बसते. दोघे एकाच वेळी झोपले असा योग आला तर त्या वेळात उरलेले घर उभे असते: धुवायचे, आवरायचे, उद्यासाठी काढून ठेवायचे. पुस्तकापर्यंत पोचेतो डोळ्यांवर पेंग आलेली असते.

म्हणून माझे म्हणणे असे की आम्हाला हवा आहे तो नुसता वेळ नव्हे, तर सलग वेळ आणि त्याच्याभोवतीची शांतता. वाचन ही क्रिया बाहेरून दिसते तितकी सरळ नसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांच्या निरीक्षणांतून लक्षात आले की वाचणाऱ्याचे डोळे ओळीवरून अखंड सरकत नाहीत, तर उड्या मारत जातात. नंतरच्या संशोधनाने हेही स्पष्ट झाले की प्रत्येक मुक्काम साधारण पाव सेकंदाचा असतो आणि सरावलेला वाचकसुद्धा दर शंभर उड्यांतल्या दहा-पंधरा मागे घेतो, कारण आधीचे काही पुन्हा पाहिल्यावाचून पुढचे उमगत नाही. डोळ्यांच्या या धावपळीच्या वर मन एक इमारत उभी करत असते: कोण बोलतो आहे, त्याच्या मनात काय आहे, मागे त्याने काय केले होते. ‘आई, शू आली’ या तीन शब्दांनी ती इमारत कोसळते. मुलाचे काम दोन मिनिटांत होते, पण मी परत येते ती पुस्तकाच्या त्याच पानावर. कथेतल्या त्या जागी नव्हे. संस्थांमधल्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये असे मांडले की एका कामातून दुसऱ्यात जाताना मनाचा काही अंश पहिल्यातच रेंगाळतो. कचेरीतल्या माणसाबद्दल हे म्हटले की सगळ्यांना लगेच पटते आणि त्याच्या दारावर ‘व्यत्यय आणू नये’ अशी पाटी लागते. घरात वाचणाऱ्या बाईच्या बाबतीत मात्र तेच मन सतत आणि विनासायास इकडून तिकडे उड्या मारू शकते, असे सगळे जण गृहीत धरतात.

या संदर्भात मला नेहमी सोळाशे वर्षांपूर्वीचा एक प्रसंग आठवतो. मिलानचे बिशप अँब्रोज ओठ न हलवता, आवाज न करता वाचत असत, आणि त्या काळी ही लक्षात राहण्याजोगी गोष्ट असल्यामुळे ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आपल्या आत्मकथनात तिची नोंद केली. मौनवाचनाच्या इतिहासात हा उतारा वारंवार सांगितला जातो. मला त्यातला दुसराच तपशील मोलाचा वाटतो. अँब्रोज यांच्या दालनात कोणालाही मुक्त प्रवेश होता आणि ऑगस्टीन प्रश्न घेऊन तेथे जात. समोर माणूस वाचनात गढलेला पाहून ते आणि त्यांचे सोबती बराच वेळ निःशब्द बसत आणि मग त्याला न हटकता निघून जात. इतक्या तन्मय माणसाला भार होण्याचे धाडस कोण करील, अशी त्यांची भावना होती. वाचणाऱ्याच्या शांततेची जबाबदारी एकट्या वाचणाऱ्यावर नसते, ती भोवतालच्या माणसांवरही असते, ही जाण त्या दालनात होती. ती आमच्या घरांत कधी येणार, हे मला विचारायचे आहे.

‘मुले मोठी झाली की वाच, पुस्तके कुठे पळून जात नाहीत,’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की ते कोणी म्हटले ते आता मोजत नाही. पुस्तके पळून जात नाहीत हे खरे, पण वाचणारी बाई तीच राहत नाही. दोन मुलांमध्ये सव्वातीन वर्षांचे अंतर आहे. पहिल्याच्या जन्मापासून धाकटी स्वतःचे स्वतः काही करू लागेपर्यंत आठ-नऊ वर्षे जातील आणि ती वर्षे माझ्या तिशीची आहेत. तिशीत वाचायची पुस्तके चाळिशीत वाचता येतात, पण तिशीत वाचल्यासारखी ती वाचता येत नाहीत. उलट, मूल झाल्यापासून माझे वाचन जितके बदलले आहे तितके ते शिक्षणाच्या सगळ्या वर्षांतही बदलले नव्हते. पूर्वी वाचलेली एक कथा मी यंदा पुन्हा हाती घेतली. तिच्यात तापाने फणफणलेल्या मुलाशेजारी रात्रभर बसलेल्या आईचे चार ओळींचे वर्णन आहे. कॉलेजात असताना त्या ओळींवरून माझी नजर घसरून गेली होती. या वेळी मी तिथे थांबले, पुस्तक मिटले, आणि आतल्या खोलीत जाऊन दोन्ही कपाळांना हात लावून पाहिला. ज्या वयात माणसाला पुस्तक इतके लागते, त्याच वयात त्याने वाचनाला रजा द्यावी, हा सल्ला मला पटत नाही.

मोबाईलवर वाचावे, असेही सुचवले जाते. रात्री अंधारात, एका हाताने, आवाज न करता वाचायला तो सोयीचा आहे हे मान्य केले पाहिजे आणि कधीकधी मी त्यावर वाचतेही. पण त्याचा स्वभाव तुकड्यांचा आहे. दोन पाने होतात न होतात तोच कोणाचा तरी निरोप येतो, आणि आधीच तुटक असलेला माझा वेळ आणखी तुटतो. दुसरे असे की आईच्या हातात फोन असला तर ती कादंबरी वाचते आहे की बाजारभाव, हे मुलाला कळायला मार्ग नसतो. पुस्तकाचे मुखपृष्ठ मात्र समोरच्याला दिसते, त्याची जाडी दिसते, आणि काल मध्यावर असलेली खूण आज पुढे गेली हेही दिसते. ध्वनिपुस्तकांबद्दल माझी तक्रार नाही. कपड्यांच्या घड्या घालताना मी ती ऐकते आणि त्यांनी मला कठीण काळात तारले आहे. तरीही एका वाक्यावर थांबून खिडकीबाहेर बघत राहणे, मग तेच वाक्य पुन्हा वाचणे, हे ऐकण्यात होत नाही. मला ओढ आहे ती नेमकी त्या थांबण्याची.

मुलांना वाचून दाखवणे हेही वाचनच नाही का, असा प्रश्न कोणी करील. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये, मुलांना अगदी जन्मापासून मोठ्याने वाचून दाखवा असे पालकांना सांगण्याची शिफारस आपल्या सभासदांना केली होती आणि आमच्या घरात रोज रात्री ते होते. एक चित्रांचे पुस्तक मी इतक्या वेळा वाचले आहे की पान उलटण्याआधी थोरला पुढचे वाक्य म्हणतो. तो अर्धा तास मला प्रिय आहे आणि तो कोणत्याही किमतीला मी सोडणार नाही. पण ते वाचन त्याचे आहे, मी तेथे आवाज आहे. दिवसभर दुसऱ्यांसाठी आवाज झालेल्या माणसाला थोडा वेळ गप्प बसून दुसऱ्या कोणाचा आवाज मनात ऐकावासा वाटतो, आणि माझी ही इच्छा मुलांवरच्या प्रेमाच्या आड येत नाही.

हे मला स्वतःला पटायला फार वेळ लागला, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहिते. मूल जागे असताना त्याच्यासमोर पुस्तक उघडले की मला अपराधी वाटत असे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला एक प्रयोग माझ्या वाचनात आला होता. त्यात बाळाशी हसत-बोलत खेळणाऱ्या आईला काही मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेवायला सांगत. बाळ आधी तिला पुन्हा खेळात ओढण्याची खटपट करी आणि मग कावरेबावरे होऊन तोंड फिरवी. वाचताना माझा चेहरा तसाच होत असेल का, या शंकेने मी कित्येक महिने दिवसा पुस्तक हाती धरले नाही. नंतर डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाचे १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेले एक प्रतिपादन माझ्या हाती पडले. एकटे राहता येणे ही प्रौढ माणसाची मोठी क्षमता आहे आणि ती बालपणी रुजते, ती आई जवळ असताना एकटे असण्याच्या अनुभवातून, असे ते म्हणतात. आई तेथे आहे, हाक मारली तर ओ देणार आहे, पण ती काही मागत नाही, काही सुचवत नाही, खेळात हात घालत नाही. अशा वेळी मूल स्वतःच्या नादात शिरते. खेळता खेळता अचानक दगड झालेला चेहरा आणि हाकेला मान वर करणारा वाचता चेहरा यांत केवढे अंतर आहे, ते मला तेव्हा उमगले.

आणि खरे सांगायचे तर मुलांनाही व्यत्यय नको असतो. १९०७ मध्ये रोममध्ये आपले पहिले बालगृह सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरी यांनी एका तीन वर्षांच्या मुलीची हकीकत लिहून ठेवली आहे. ती लाकडी दट्टे त्यांच्या खाचांत बसवायची, पुन्हा काढायची, पुन्हा बसवायची. तिची बैठक उचलून मेजावर ठेवली, भोवती इतर मुलांना गाणे म्हणायला लावले, तरी तिचे लक्ष हलले नाही. चाळीसहून अधिक वेळा तेच करून झाल्यावर ती गाढ झोपेतून उठल्यासारखी समाधानाने हसली. माझी धाकटी अलीकडे एका डब्याचे झाकण लावणे आणि काढणे यात पाव तास रमते. पूर्वी मी मध्येच ‘शाब्बास’ म्हणत असे. आता म्हणत नाही, कारण ते शब्द म्हणजे तिच्या पानावर माझी ‘आई, शू आली’च असते. ती झाकणात आणि मी पुस्तकात अशी आम्ही दोघी दहा-बारा मिनिटे एकाच सतरंजीवर बसतो. मागच्या आठवड्यात थोरलाही येऊन बसला. त्याने कपाटातून माझे एक जाड पुस्तक ओढून घेतले, ते उलटे धरले, आणि भुवया जवळ आणून पानावर बोट फिरवू लागला. मी पाहते आहे हे लक्षात आल्यावर तो दबक्या आवाजात म्हणाला, ‘बोलू नकोस, मी मनात वाचतोय.’ पालकांच्या हातात पुस्तक दिसले पाहिजे असे जे आपण म्हणतो, ते हेच असावे. पण त्यासाठी पालकाला खरोखर वाचत असावे लागते. देखावा मुलांना लगेच ओळखू येतो.

तथापि हे बारा मिनिटांचे प्रकरण आहे, तासाचे नव्हे. तास मिळायचा असेल तर दुसऱ्या कोणीतरी तो राखावा लागतो. घरोघरच्या विनामोबदला सांभाळाच्या कामापैकी ७६.२ टक्के काम स्त्रिया करतात, असा जगभरचा अंदाज आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये दिला होता. त्यामुळे तास कोणाचा आणि पहारा कोणाचा हे वेगळे सांगायची गरज नाही. आमच्याकडे माझ्या पतींनी आणि मी गेल्या वर्षअखेरीस एक व्यवस्था लावली. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात ते आठ मुले त्यांच्याकडे, मी आतल्या खोलीत, दार लावलेले. पहिल्या मंगळवारी मी एक पानही वाचले नाही. बाहेर धाकटी रडत होती, ते तिला फिरवत होते, आणि मी मांडीवर उघडे पुस्तक घेऊन दारापलीकडे कान लावून बसले होते. तीन वेळा उठून कडीला हात लावला. दुसऱ्या खेपेला रडणे कमी झाले, पण माझे लक्ष तितक्याच वेळा दाराकडे गेले, कारण आता शांतता का आहे ही चिंता होती. पाच वर्षे एक कान सदैव बाहेर ठेवायची सवय झाली की तो आत वळवायला शिकावे लागते. चौथ्या आठवड्यात केव्हातरी मी घड्याळ पाहिले तेव्हा आठ वाजून दहा मिनिटे झाली होती आणि माझी चौतीस पाने वाचून झाली होती. दार उघडून बाहेर आले तेव्हा खोलीभर पसारा होता, दोघांचे कपडे पाण्याने भिजलेले होते, आणि मुलांना मी गेले होते याची फारशी दखलही नव्हती. त्या रात्री मी मुलांशी जितकी शांतपणे वागले तितकी कित्येक दिवसांत वागले नसेन.

प्रत्येक घरात दुसरा हात असतोच असे नाही. एकट्याने मूल वाढवणारी माणसे आहेत, आणि दोघेही पाळीच्या कामावर जाणारी जोडपी आहेत. त्यांच्यासाठी ग्रंथालयांनी पुढे यावे अशी माझी मागणी आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धान्त मांडले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असे सांगतो. लहान मुलाच्या पालकाइतका वेळेला भुकेलेला वाचक ग्रंथालयाला दुसरा कोणता सापडणार? इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये १९९२ मध्ये तान्ह्या बाळांना मोफत पुस्तके देणारा बुकस्टार्ट हा उपक्रम सुरू झाला, आणि ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००७ मध्ये तान्ह्या व रांगत्या मुलांना सेवा कशी द्यावी याची मार्गदर्शिकाही काढली. बाळांचा विचार झाला, याचा मला आनंदच आहे. आता त्यांना कडेवर घेऊन येणाऱ्या वाचकाचाही व्हावा. माझा स्वतःचा अनुभव सांगते. एका वाचनालयात मी थोरल्याला घेऊन गेले असता त्याने चित्र पाहून आनंदाने एक आरोळी ठोकली आणि आम्हाला लगेच बाहेर जाण्यास सांगण्यात आले. त्याच वाचनालयात पुस्तक पंधरा दिवसांत परत न केल्याबद्दल मी चार वेळा दंड भरला आहे. शांततेचा नियम मला इतर कोणाहूनही अधिक प्रिय आहे, म्हणून तो मोडावा असे मी म्हणणार नाही. पण आठवड्यातून एक तास मुलांच्या विभागात कोणी जाणत्या व्यक्तीने मुलांना गोष्टी सांगाव्यात आणि तेवढा वेळ पालकांना शेजारच्या खोलीत नुसते वाचू द्यावे, तसेच पाच वर्षांखालील मूल असलेल्या सभासदाला पुस्तकाची मुदत दुप्पट द्यावी, एवढे तर कोणत्याही वाचनालयाला फारसा खर्च न करता जमेल.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचे चोविसावे कलम प्रत्येकाला विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क देते आणि त्यासाठी कामाच्या तासांना वाजवी मर्यादा असावी असे म्हणते. मूल सांभाळण्याच्या कामाला तास नसतात, म्हणून मर्यादाही नसते. ती घरातल्या आणि शेजारच्या माणसांनी ठरवून घालावी लागते. आपल्या वृत्तपत्रात यापुढे वाचनाच्या ऱ्हासाविषयी काही छापताना आमच्यासारख्यांना सोडून गेलेले वाचक म्हणून मोजू नये, ही आपल्याला विनंती. आणि ज्या वाचकांची स्वतःची मुले आता मोठी झाली आहेत, त्यांनाही एक विनंती आहे. ओळखीच्या घरी लहान मूल असेल तर पुढच्या भेटीत आणखी एक खेळणे नेण्याऐवजी त्या मुलाला तासभर बाहेर फिरवून आणावे, आणि परतल्यावर त्याच्या आईला किंवा वडिलांना, एवढ्या वेळात काय काय उरकले, असे विचारू नये. ते वाचत बसले असतील, किंवा पुस्तक छातीवर घेऊन झोपी गेले असतील. माझी खूण आज एकशे अठराव्या पानावर आहे, आणि शुक्रवारी सात वाजता मी ते पुस्तक पुन्हा उघडणार आहे.

आपली नम्र,
दोन लहान मुलांची आई आणि आपल्या वृत्तपत्राची नियमित वाचक